कागदाची हवाई जहाजं आणि व्हिक्टोरियन वॉरगेम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी दुपारी कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी जेवणाचं टेबल रिकामं होतं आणि त्यावर कागदाची हवाई जहाजं लढायला उभी राहतात. हवाई जहाज म्हणजे इथे विमान नव्हे, तर गॅसच्या लांबट फुग्याखाली पाळणा टांगलेलं एअरशिप. कुणी बघायला येतं, कुणी शिकायला, कुणी फोनवर विचारतं. पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

हा खेळ आहे तरी काय?

टेबलावर खेळायची लढाई. बुद्धिबळासारखी घरं नसतात. जहाज किती सरकलं ते पट्टीने मोजायचं, तोफ लागली की नाही ते फासे टाकून ठरवायचं. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांना शिकवायला असा युद्धखेळ नकाशावर खेळत असत, तेव्हा प्रकार जुनाच आहे. आमच्या खेळात काळ व्हिक्टोरिया राणीचा, म्हणजे १८३७ ते १९०१, आणि त्यात कल्पनेची भर घातलेली: वाफेवर चालणारी जहाजं समुद्राऐवजी आकाशात लढतात.

त्या काळात खरोखर हवाई जहाजं होती का?

होती, आणि त्यांची माहिती असल्याशिवाय मॉडेल करायला बसू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. कल्पनेचं जहाजही खऱ्याच्या खांद्यावर उभं राहिलं तरच बघणाऱ्याला पटतं.

पहिलं नाव ऑंरी जिफार याचं. २४ सप्टेंबर १८५२ रोजी तो पॅरिसहून वाफेच्या इंजिनावर सुमारे २७ किलोमीटर उडाला. जहाज ४४ मीटर लांब आणि इंजिन फक्त ३ अश्वशक्तीचं. वेग ताशी १० किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे वाऱ्याविरुद्ध परत येणं त्याला जमलं नाही. मॉडेल करणाऱ्यांनी एक गोष्ट टिपून ठेवावी: वर ज्वालाग्राही गॅस होता म्हणून त्याने धुराड्याचं तोंड खाली वळवलं होतं. तुमच्या वाफेच्या जहाजाला धुराडं आभाळाकडे लावाल तर जाणकार माणूस तिथेच बोट ठेवेल.

दुसरं ‘ला फ्रान्स’. शार्ल रनार आणि आर्थर क्रेब्स या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी ९ ऑगस्ट १८८४ रोजी विजेच्या मोटरीवर २३ मिनिटांत ८ किलोमीटरची फेरी मारली आणि निघाले तिथेच परत उतरले. निघाल्या जागी परत येणारं हे पहिलं हवाई जहाज. त्याचा पंखा पुढच्या बाजूला होता आणि खालचा पाळणा लांबलचक, बांबूचा. बांबूच्या कामट्यांवर आकाशकंदील करत वाढलेल्या आपल्या माणसाला हे जहाज फार जवळचं वाटतं. पहिलं मॉडेल याचंच करा, असं मी सगळ्यांना सांगतो.

पुढे डेव्हिड श्वार्त्सचं ॲल्युमिनियमचं जहाज ३ नोव्हेंबर १८९७ रोजी बर्लिनजवळ उडालं. तेव्हा श्वार्त्स हयात नव्हता. पंख्याचे पट्टे निसटले आणि जहाज आदळून मोडलं. त्याच्या अंगाचा पत्रा ०.२ मिलीमीटर जाडीचा होता, म्हणजे आपण वापरतो त्या २०० जीएसएम (दर चौरस मीटरला २०० ग्रॅम) कार्डाच्या जवळपास. आणि शेवटी झेपेलिनचं पहिलं जहाज, १२८ मीटर लांब, २ जुलै १९०० रोजी कॉन्स्टन्स सरोवरावर उडालं. राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली, तेव्हा तेही आपल्या काळात बसतं.

मग पोलादी चिलखताची, तोफा लावलेली जहाजं खोटीच की?

हो, ती कल्पनाच. हिशोब सोपा आहे. १ घनमीटर हायड्रोजन साधारण १.१ किलो वजन उचलतो. ६ मिलीमीटर जाडीचा पोलादी पत्रा दर चौरस मीटरला ४७ किलो भरतो. म्हणजे एवढ्याशा तुकड्यासाठी ४० घनमीटरपेक्षा जास्त गॅस लागणार. झेपेलिनच्या पहिल्या जहाजात ११,३०० घनमीटर गॅस होता, त्यावर सगळं मिळून १२-१३ टन उचललं जात होतं, आणि त्यातला मोठा वाटा सांगाडाच खात होता.

म्हणून या खेळांत एखादं काल्पनिक खनिज किंवा अद्भुत गॅस मानून घेतात. घ्या मानून. पण जहाज आखताना चिलखत थोडं, फुगा मोठा आणि पाळणा लहान ठेवला की ते हवेत तरंगतंय असं वाटतं. उलट केलं की बोट काठीवर टांगल्यासारखी दिसते.

कागदच का? थ्रीडी प्रिंट का नको?

प्लॅस्टिकचं जड जहाज उंच काठीवर ठेवलं की धक्का लागताच आडवं होतं. कागदाचं २० सेंमीचं जहाज हातात घेतल्यावर वजनच जाणवत नाही. शिवाय पूर्ण जहाजाचा खर्च एका मिसळीच्या प्लेटपेक्षा कमी, त्यामुळे एकाऐवजी सहा जहाजांचा ताफा होतो. ज्यांच्याकडे प्रिंटर आहे त्यांनी पंखे आणि तोफा त्यावर खुशाल कराव्यात. फुगा मात्र कागदाचाच.

जहाज किती मोठं करायचं?

इथेच बहुतेक जण फसतात. अशा खेळांतले २८ मिलीमीटर उंचीचे छोटे सैनिक साधारण १:५६ प्रमाणात येतात. त्या मापात झेपेलिनचं जहाज जवळजवळ २ मीटर ३० सेंमी होईल! जिफारचं छोटं जहाजही ७९ सेंमी. म्हणून आकाशातल्या लढाईसाठी आम्ही १:३०० घेतो: जिफार १४.७ सेंमी, झेपेलिन ४२.७ सेंमी. मोठे ताफे लढवायचे तर १:६००, त्यात झेपेलिन २१ सेंमीवर येतं. घरातलं चार बाय सहा फुटी टेबल असेल तर १:६०० बरं. एकदा ठरवलं की मात्र सगळा ताफा एकाच प्रमाणात. मिसळामिसळ लगेच डोळ्यांत खुपते.

कागद कुठला घ्यावा आणि कोल्हापुरात कुठे मिळेल?

फुग्याला १६० ते २०० जीएसएम, पाळण्याला २५० ते ३००, आतल्या चकत्यांना वहीच्या पाठीमागचा करडा पुठ्ठा. महाद्वार रोडच्या स्टेशनरीच्या दुकानांत कार्डशीट मिळतं. पण त्याहून चांगली जागा म्हणजे लग्नपत्रिका छापणारे प्रेस. कापून उरलेल्या कार्डाच्या पट्ट्या ते अगदी थोडक्यात देतात, काही जण तर तशाच देतात.

छपाई करणार असाल तर लेझरवर करा. इंकजेटची शाई फेव्हिकॉलच्या ओलाव्याने पसरते.

कागदाची दिशा बघायची म्हणजे काय?

कागदाचे तंतू एका दिशेने पडलेले असतात. कार्ड दोन्ही बाजूंनी हलकं वाकवून बघा, एका बाजूला ते सहज वाकतं, दुसरीकडे अडतं. कळलं नाही तर छोटा तुकडा एका बाजूने ओला करा. तो जी नळी करेल तिच्या लांबीच्या दिशेने तंतू आहेत. फुग्यासाठी ही दिशा जहाजाच्या लांबीला समांतर हवी. उलटं धरलंत तर कार्ड वळताना बारीक बारीक मोडतं, आणि त्या मोडी रंगाखालीही लपत नाहीत.

फुगा गोल कसा होतो?

संत्र्याच्या फोडींची साल डोळ्यांसमोर आणा. फुगा म्हणजे दोन्हीकडे निमुळत्या होत जाणाऱ्या पाकळ्या. प्रत्येक ठिकाणी पाकळीची रुंदी किती, तर त्या ठिकाणचा व्यास गुणिले ३.१४, भागिले पाकळ्यांची संख्या. एवढं एकच सूत्र.

२० सेंमी लांब, मध्यभागी ४ सेंमी जाड, दोन्हीकडे सारखं निमुळतं जहाज घेऊ आणि त्याला ८ पाकळ्या देऊ. मध्यावर रुंदी १५.७ मिलीमीटर. मध्यापासून ५ सेंमीवर १३.६, साडेसात सेंमीवर १०.४, ९ सेंमीवर ६.८ आणि टोकाला शून्य. आता महत्त्वाचं: पाकळीची लांबी २० नाही, २१ सेंमी धरायची, कारण ती सरळ न जाता वळणावरून जाते. हा एक सेंमी विसरला की टोकं जुळतच नाहीत. मी सुरुवातीची तीन जहाजं याच चुकीने वाया घालवली आणि दोष कात्रीला देत बसलो.

आठही पाकळ्या सुट्या कापू नका. मधल्या तीन-चार सेंमीत रुंदी जवळजवळ सारखीच असते, तिथे त्या जोडलेल्याच ठेवा. म्हणजे मध्ये सलग पट्टा आणि दोन्ही बाजूंना कंगव्यासारखे दाते, असा एकच तुकडा होतो आणि तो एका ए-फोर कागदात बसतो. पट्ट्याच्या एका बाजूला चिकटवायला ५ मिलीमीटर कड सोडा.

कापल्यावर लगेच चिकटवायला घेऊ नका. जाडसर टॉवेलवर कार्ड उताणं ठेवून त्यावरून गोल पेन्सिल दाबून फिरवा, आधी आडवी वळण येईपर्यंत, मग पाकळ्यांच्या टोकांना लांबीच्या दिशेने. कार्डाला आपणहून वळावंसं वाटलं पाहिजे. जबरदस्तीने वळवलेलं कार्ड रात्रीत उघडतं.

आत पुठ्ठ्याच्या तीन चकत्या: मध्ये ३९ मिलीमीटर व्यासाची, आणि मध्यापासून ५ सेंमीवर दोन्हीकडे ३४ ची. तिन्हींच्या मधून बांबूची काडी. मग पट्टा गुंडाळा आणि पाकळ्या एकाआड एक, समोरासमोरच्या जोडीने मिटवत न्या. शेजारशेजारच्या मिटवत गेलात तर जहाज एका अंगाला पीळ खातं.

टोकाशी पाकळ्यांचा गोळा होतो, नीट बसत नाही. काय करू?

शेवटचे ५ मिलीमीटर कापून टाका आणि त्यावर कागदाची छोटी शंकूसारखी टोपी बसवा. खऱ्या जहाजांनाही नाकावर टोपी असे. हा दोष झाकणं नाही, ती जहाजाची रीतच आहे.

‘ला फ्रान्स’सारखं पुढे फुगीर, मागे निमुळतं करायचं असेल तर?

सूत्र तेच, फक्त सगळ्यात जाड जागा मध्यावर न घेता पुढच्या तिसऱ्या हिश्शात घ्या. आलेख कागदावर जहाजाची बाजू काढा, दर सेंमीला व्यास मोजा आणि गुणाकार-भागाकार करत चला. झेपेलिन त्याहून सोपं. त्याच्या सांगाड्याला २४ लांब पट्ट्या होत्या, म्हणजे मधला भाग २४ बाजूंची सरळ नळी. रिकाम्या रिफिलने २३ चरी पाडा आणि गुंडाळा.

फेव्हिकॉल की खळ?

फेव्हिकॉल, आणि तोही काडीच्या टोकाने, दिसेल न दिसेल एवढाच. जास्त लावलं की कार्ड फुगतं. खळीबद्दल मला आपुलकी आहे, आजीच्या हातच्या खळीनेच आमचे आकाशकंदील चिकटत. पण खळीला कसर आणि झुरळं लागतात. बुकबाइंडर त्यात मोरचूद घालतात, ते विषारी असतं, आणि मुलं ज्या टेबलावर जहाजं हाताळतात तिथे ते नको.

पावसाळ्यात काय करायचं?

जून ते सप्टेंबर कोल्हापुरात कागद ओला न होताही ओला असतो. पहिल्या वर्षी मी जुलैमध्ये सहा जहाजं केली. ऑगस्टपर्यंत चार जहाजांच्या पोटाला खळगे पडले होते. तेव्हापासून पावसाळ्यात फक्त पाळणे, पंखे, तोफा असे छोटे भाग करतो आणि फुगे दसऱ्यानंतर वळायला घेतो. दसरा ते होळी हा खरा हंगाम.

करायचंच असेल तर कार्ड आदल्या रात्री पत्र्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. औषधांच्या आणि बुटांच्या खोक्यांत निघणाऱ्या पुड्या जमवून ठेवायची सवय लावा. आणि पावसाळी दिवशी लॅकरचा स्प्रे मारूच नका. दमट हवेत त्यावर पांढरट साय धरते आणि महिनाभराचं रंगकाम एका मिनिटात जातं. फेब्रुवारीतली कोरडी दुपार बघून दोन पातळ हात मारलेत तर पुढचा पावसाळा जहाज निभावून नेतं.

पाळणा, तोफा, दोऱ्या कशाच्या?

पाळण्याला काडेपेटीचा आतला खण उत्तम बसतो, बाहेरून कार्डाच्या फळ्या लावा. तोफेला कागदी इअरबडची नळी. गोल खिडक्यांना पंचिंग मशिनमधून पडलेल्या टिकल्या. दोऱ्यांना शिवणाचा दोरा, पण आधी मेणावरून दोनदा ओढून घ्या म्हणजे त्याची लव बसते. लव असलेला दोरा या मापात सुंभासारखा दिसतो.

आणि पांढऱ्या कडा! कार्ड कापलं की कड पांढरी राहते. चिकटवण्याआधी प्रत्येक कडेवरून जवळच्या रंगाचं स्केचपेन फिरवा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि साधं मॉडेल नि नजर खिळवणारं मॉडेल यांत मला दिसणारा सर्वांत मोठा फरक हाच.

स्टँड कसा करायचा? सारखा पडतो.

सायकलचा जुना स्पोक घ्या, निपलसकट (त्याच्या टोकाला आट्यांवर बसणारी छोटी नळी). निपल जहाजाच्या मधल्या चकतीत पक्कं बसवा, मग स्पोक खालून आट्यांवर फिरवला की जहाज चढतं आणि खेळ संपल्यावर उतरतं. स्पोकचं वाकडं टोक तळाला. तळासाठी उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात जा, अर्धा इंची बोल्टाचे चार वायसर घ्या आणि एकावर एक चिकटवा. कुठल्याही वर्कशॉपबाहेर उभं राहून काय करायचंय ते सांगा. तिथली माणसं नुसतं ऐकून थांबत नाहीत, आत बोलावतात, हातातलं काम ठेवून त्याहून चांगला उपाय सुचवतात. तळाला पितळी कडी लावायची युक्ती मला तिथेच मिळाली. उंची बदलायची असेल तर जुन्या रेडिओची ओढून लांब होणारी एरियल बेस्ट.

रंग कुठले?

व्हिक्टोरियन काळातल्या ब्रिटिश आरमाराची ओळख म्हणजे काळं अंग, वरचा भाग पांढरा आणि धुराडी पिवळसर मातकट. करडा रंग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आला. म्हणून इंग्रजांचा ताफा करडा रंगवलेला पाहिला की मला वाईट वाटतं, कारण त्यांनी सगळ्यात देखणी संधी सोडलेली असते. फुग्यांना मात्र कापडाचा रंग द्या: मळकट पांढरा, फिकट बदामी. पाकळ्यांच्या सांध्यावर कडक पेन्सिलीने पुसट रेघ ओढली की शिवण दिसते.

वाऱ्याचा नियम कसा ठेवायचा?

‘ला फ्रान्स’चा वेग २३ मिनिटांत ८ किलोमीटर, म्हणजे ताशी जेमतेम २१. जोराचा वारा त्याहून वेगाने वाहतो. म्हणजे या काळाच्या लढाईत वारा हा तिसरा खेळाडूच आहे.

पण प्रत्येक पाळीला सगळी जहाजं वाऱ्याच्या दिशेने सरकवणं फार कंटाळवाणं. उपाय भौतिकशास्त्रातच आहे. तरंगणारी सगळी जहाजं त्याच हवेत असतात, वारा सगळ्यांना सारखंच वाहून नेतो आणि त्यांचं आपापसातलं अंतर बदलत नाही. बदलतं ते फक्त जमिनीशी. म्हणून जहाजं हलवू नका, किल्ला हलवा! वारा पश्चिमेचा असेल तर दर पाळीला डोंगराचा तुकडा पश्चिमेकडे ८ सेंमी सरकवा. हा नियम आम्ही लावला त्या दिवशी खेळ निम्म्या वेळात संपला, आणि किल्ल्यावरून परत फिरणं किती अवघड हे पहिल्यांदा सगळ्यांना कळलं.

वर-खाली जायला आम्ही प्रत्येक जहाजाला वाळूच्या पोत्यांच्या सहा टिकल्या देतो. एक टाकली की एक पायरी वर. खाली यायचं तर गॅस सोडायचा. दोन्ही गोष्टी परत मिळत नाहीत, खऱ्या जहाजांतही मिळत नसत.

कोल्हापूरचा स्वतःचा ताफा असू शकतो का?

का नाही? इतिहासातच धागे पडलेले आहेत. १८४४ मध्ये गडकऱ्यांच्या, म्हणजे किल्ल्यांवरच्या शिबंदीच्या उठावात इंग्रजांनी तोफा लावून पन्हाळा घेतला, तेव्हा राणी गादीवर येऊन सात वर्षं झाली होती. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात २७ व्या पलटणीने बंड केलं आणि पुढे कोल्हापूरच्या राजांचे धाकटे भाऊ चिमासाहेब महाराज यांना कराचीला हद्दपार केलं गेलं. आमची सर्वांत आवडती मोहीम हीच: करवीरचं एक हवाई जहाज चिमासाहेबांना सोडवायला समुद्रावरून कराचीकडे निघतं. वाळू मोजकी आणि वारा पावसाळी. आजवर ती मोहीम फत्ते झाली आहे फक्त दोनदा, आणि दोन्ही वेळा घरातली सगळी माणसं टेबलाभोवती उभी होती.

ज्यांना १८९४ नंतरचा काळ हवा त्यांना शाहू महाराजांची राजवट आहे, १८९१ ला आलेली रेल्वे आहे, नवा राजवाडा आणि त्याचा घड्याळाचा मनोरा आहे. जहाज नांगरायला तो मनोरा काय शोभतो!

तळपद्यांचं विमान घेता येईल का?

खेळात जरूर घ्या. १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवलं ही गोष्ट आपल्याकडे अनेकांनी ऐकलेली असते. त्या उड्डाणाचा ठोस समकालीन पुरावा नाही, त्यामुळे इतिहास म्हणून मुलांना सांगू नका. कल्पनेच्या ताफ्यात मात्र त्याला मानाची जागा द्या.

जमीन, डोंगर, किल्ला कशाचा करायचा?

हे मला विचारायचं? दिवाळीत अंगणात किल्ला केला नाही असं कोल्हापुरात कोण आहे? पोतं, माती, विटांचे तुकडे, त्यावर पेरलेले हळीव. तेच छोट्या मापात, पुठ्ठ्याच्या पाटावर. माती जड होते म्हणून वर्तमानपत्राचा लगदा वापरा. पाटाखाली फेल्टचा तुकडा लावा, कारण वाऱ्याच्या नियमाने तो सारखा सरकणार आहे. किल्ल्याचं प्रमाण जहाजांशी जुळवायचा हट्ट नको. आपल्या अंगणातही मावळा दरवाजापेक्षा उंच असतो आणि कुणाला खटकत नाही.

मुलांना कितव्या वर्षी शिकवावं?

चरी पाडणं, वळवणं, चिकटवणं आठव्या वर्षापासून. कटर बाराच्या आधी नाही, आणि तेव्हाही पोलादी पट्टी लावून, शेजारी बसून.

लढाईत जहाज पडलं, टोक चेपलं. नवीन करू?

अजिबात नको. किटलीच्या वाफेवर दोन-चार सेकंद धरा, टोपी काढून आतून पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हळूच ढकला, आणि सुकेपर्यंत आत कापूस भरून ठेवा. फाटलंच असेल तर त्याच कार्डाचं चौकोनी ठिगळ बाहेरून लावा आणि कडांना शिवणीच्या रेघा काढा. कापडाच्या फुग्यांना अशीच ठिगळं लावत. माझ्या सगळ्यात जुन्या ‘ला फ्रान्स’ला अकरा आहेत, आणि प्रत्येकावर बारीक पेन्सिलीने लढाईची तारीख.